गप्प लाइनीचा खुलासा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं आज वाकतील तेवढ्यांचाच हा नमस्कार समज, उरलेला बरं वाटल्यावर पोचता करीन.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना? काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने रफू करायचं ते दुपारच्या उजेडातच उरकत जा, असं ही सांगते आहे, आणि ही सांगते ते मी लिहितो आहे, कारण या घरात सध्या माझं स्वतःचं मत कुणी विचारत नाही. का विचारत नाही तेच कळवायला बसलो आहे. बाकी इकडे सगळं खुशाल. बाबांचा गुडघा होता तसाच आहे.

ज्याचं पोट इंटरनेटवर चालतं त्याने पाकीट आणि डिंक घेऊन पत्र लिहावं, याचं तुला नवल वाटेल. पण आमच्या घरचा नंबर दिसला की तू हल्ली फोन उचलत नाहीस, महिना होत आला. शिवाय ही म्हणाली की पत्रच लिही, पत्र अर्ध्यात तुटत नाही आणि वाचणाऱ्याला मध्येच उलट बोलता येत नाही. (यातलं दुसरं कारण तिने कुणाला उद्देशून सांगितलं ते मी विचारलं नाही.)

माझं काम नेमकं काय, हे तू मला पूर्वी विचारलं होतंस, आणि मी असं काही उत्तर दिलं होतं की तू 'बरं बरं, जपून कर' म्हणालीस. आज नीट सांगतो. प्रत्येक कम्प्युटरच्या पोटात अगदी आत एक गाभा असतो. त्याला आमच्या धंद्यात कर्नल म्हणतात (लष्करातला नव्हे, पण तोरा तोच). बाहेरून येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक बोलणं याच्या दारातून जातं, आणि अमका तमक्याशी बोलतो आहे अशी एकेक ओळ तो आपल्या तक्त्यात मांडून ठेवतो. आता सगळेच काही 'बरंय, येतो' म्हणून रीतसर निघत नाहीत. कुणाची बॅटरी संपते, कुणी जिन्यात शिरतो, कुणी नुसताच गप्प होतो. मग कर्नलला ठरवावं लागतं की हा गप्प झालेला माणूस अजून बसला आहे की गेला. त्यासाठी त्याच्याजवळ एक आकडा लिहून ठेवलेला असतो: इतका वेळ कुणाचा आवाज आला नाही तर ते गेले असं धरून ओळ पुसून टाकावी. असे शेकडो आकडे त्याच्या पोटात असतात. ते थोडे इकडे, थोडे तिकडे करायचे, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळतात तसे, हे माझं काम. फरक इतकाच की तंबोरा बेसूर झाला तर लगेच कळतं.

तर मूळ यंत्र घडवणाऱ्यांनी हा गप्प बसण्याचा आकडा किती ठेवला आहे, सांग बघू. पाच दिवस. दोघं जण पाच दिवस एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत तरी कर्नल त्यांची ओळ पुसत नाही. बसलेत बिचारे, असतील काही विचारात, असं समजून दार उघडं ठेवतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत मागे रेलून खूप हसलो होतो. एवढे हुशार लोक, आणि एवढा वेंधळा आकडा कसा लिहून गेले, असं मला वाटलं.

त्यातून ऑफिसात माझा विजय झाला, तिथे सगळं बिघडलं. आमचं ऑफिस लोकांना बस कुठवर आली ते सांगतं. माणूस थांब्यावर उभा राहतो, मोबाइलवर विचारतो, उत्तर बघतो आणि बस आली की निघून जातो. येतो म्हणत नाही. पण कर्नल भोळा. निघून गेलेल्या एकेका प्रवाशाची ओळ पाच-पाच दिवस सांभाळत बसायचा. तक्ता गच्च भरला आणि नव्याने विचारणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायची पाळी आली. सकाळच्या गर्दीत हजारो माणसं थांब्यावर बसची वाट बघत होती आणि आमचं यंत्र मागच्या आठवड्यातल्या माणसांची वाट बघत होतं. मी पाच दिवसांचा एक मिनिट केला. तक्ता धुतल्यासारखा मोकळा झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून एका काटेरी झाडाची कुंडी दिली. (ती देताना त्यांना स्वतःलाच बोचली, पण ते हसत राहिले.)

आता शहाण्या माणसाने कुंडी घेऊन गप्प बसावं. पण हात शिवशिवत असले की माणूस बसत नाही. घरी जिन्याखाली माझा जुना कम्प्युटर आहे, आपल्या घरातलं येणारं-जाणारं सगळं इंटरनेट त्याच्यातूनच जातं. त्याला काहीएक दुखत-खुपत नव्हतं. त्याच्या तक्त्यात मोजून वीस-पंचवीस ओळी, कुणाची कुणाला अडचण नाही. तरी एका सकाळी चहा पिता पिता मी तिथेही पाच दिवसांचा एक मिनिट करून टाकला, आणि वर हिला सांगितलं की आता बघ, घरातलं नेट कसं हलकं वाटेल. हिने विचारलं, आधी जड कुठे वाटत होतं? मी म्हणालो, तुला त्यातलं कळणार नाही. आत्या, नवऱ्याने हे वाक्य बायकोला कधी म्हणू नये, निदान ते लक्षात ठेवणाऱ्या बायकोला तरी.

त्या वेळी मला तुझ्या आणि बाबांच्या दुपारींची आठवणही झाली नाही, हे कबूल करतो. आई गेल्यावर बाबांना त्या खोलीत एकट्याने घड्याळं दुरुस्त करवेनात. भिंग डोळ्याला लावून तासन्‌तास नुसते बसायचे, चिमटा हातात, आणि घड्याळ उघडलेलंच नाही. तेव्हा तू तिकडून म्हणालीस, की दादा, जेवण झालं की फोन लाव, मी माझं रफू घेऊन बसते, तू तुझं घड्याळ घेऊन बस. तेव्हापासून रोज दुपारी बाबांच्या टेबलावर कम्प्युटर उघडा असायचा, तू 'बसले रे' म्हणायचीस, बाबा 'हं' म्हणायचे आणि पुढे दोन तास कुणी काही बोलायचं नाही. कॅमेराही बंद. मी कधी सुट्टी घेऊन घरी असलो की त्या खोलीच्या दारात उगाच रेंगाळायचो. पडद्यातून ऊन टेबलावर यायचं, पंखा हळू फिरायचा, भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा दाखवायची, आणि त्या दोन खोल्यांत मिळून एकच दुपार आहे असं वाटायचं. तिथे उभं राहिलं की मला पेंग यायची. आयुष्यात इतकी सुखाची पेंग मला दुसरीकडे कुठे आली नाही.

कर्नलच्या बाजूने मात्र ती दुपार फार वेगळी दिसत होती. तुमचं ते बोलण्याचं अॅप फार चोखंदळ आहे. पंख्याचा, घड्याळांचा, तुझ्या कात्रीचा आवाज ते कचरा म्हणून गाळून टाकतं, आणि माणूस बोलला तरच काहीतरी पुढे पाठवतं. म्हणजे तुम्ही दोघं छान बसलेले असताना आमच्या जिन्याखाली अगदी सामसूम. पूर्वी पाच दिवसांची मुभा होती म्हणून कधी बिघडलं नाही. आता एक मिनिट झालं की कर्नल म्हणायचा, गेली वाटतं मंडळी, आणि ओळ पुसायचा. तुला वाटायचं दादाने ठेवला. बाबांना वाटायचं तू ठेवलास.

बाबांनी मला विचारलं होतं, आत्याचा फोन सारखा का कटतो रे म्हणून. मी जिन्याखाली डोकावून पाहिलं, सगळे दिवे हिरवे, आणि सांगितलं की आपल्याकडून सगळं ठीक आहे, गडबड आत्याच्या बाजूला असणार. (आमच्या धंद्यात हे उत्तर तोंडात तयारच असतं. समोरचाही हेच सांगतो, आणि दोघं समाधानाने जेवायला जातात.) नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर तुझं अंगण वाकडं ठरवून मोकळा झालो. बाबा 'असं का' एवढंच म्हणाले. मला तेव्हा कळायला हवं होतं की त्यांनी त्याचा अर्थ वायरीपुरता घेतला नव्हता.

त्यानंतर बाबा बोलायला लागले. जो माणूस स्वतःच्या लग्नातही पंगतीत तीनच वाक्यं बोलला असं तूच सांगतेस, तो सकाळी दात घासताना हिला विचारू लागला, की सूनबाई, आज काय बोलू? गप्प राहिलं की तू, त्यांची चिमी, फोन ठेवतेस, हे त्यांनी ताडलं होतं. मग हवा झाली, गुडघा झाला, कोणाचं घड्याळ पाण्यात पडलं ते झालं, शेजाऱ्याच्या मांजराची बाळंतपणं झाली. तू तिकडे हैराण झाली असशील, कारण तुला दादा बसायला हवा होता आणि मिळाला आकाशवाणीचा निवेदक. आणि जे दिवस बोलण्याचे नसत त्या दिवशी ते घोरत. बाबा एरवी दुपारी कधी झोपत नाहीत, पण वय झालं, बसल्या बसल्या डोळा लागत असेल असं मी धरलं. आता गंमत अशी की घोरणं घशातून येतं, म्हणून ते अॅप त्याला बोलणं समजतं आणि इमाने इतबारे तुझ्याकडे पोचवतं. म्हणजे बाबा घोरत असले की लाइन दोन-दोन तास टिकायची आणि भिंग लावून जागे बसले की मिनिटात जायची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तशी ही रोज पडत गेली, आणि तू हिला जे सांगितलंस ते अगदी बिनतोड होतं: "दादा जागा असला की फोन तोडतो, आणि झोपला की मला घोरणं ऐकवतो. माझ्यासोबत बसायचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग म्हणावं."

शेवटच्या दिवशी बाबांचे विषय संपले. मांजरही संपलं. मग त्यांनी तुझ्या लेकाचं काढलं, की तो म्हणे तुझ्याकडे फिरकत नाही. तू म्हणालीस, दादा, तुला बोलायला दुसरं काही उरलं नाही का, आणि त्या दिवशी मात्र फोन खरोखर तू ठेवलास. कर्नलचा त्यात हात नव्हता.

पुढचा शोध हिने लावला. तुला ठाऊकच आहे, ही वाचनालयात काम करते, म्हणजे गप्प बसण्याचा पगार घेते. बाबांची दुपार रिकामी झालेली तिला बघवेना. मग तिने तिकडून बाबांना फोन लावून मोबाइल आपल्या टेबलावर उपडा ठेवायला सुरुवात केली. सूनबाई बसली आहे एवढं बाबांना वाटावं म्हणून. तर तोही तुटू लागला. पण ही वाचनालयातली, हिची शिस्त वेगळी. तिने दोन-तीन दुपारी नीट लक्ष ठेवलं आणि घरी येऊन मला सांगितलं, की कोपऱ्यातले पेपर वाचणारे आजोबा खोकले तर फोन टिकतो, आणि ते आले नाहीत तर तुटतो, आता यातलं तुला कळतं का ते बघ.

मी त्याच आठवड्यात साहेबांची ती कुंडी खिडकीतून सरकवताना कमरेत उसण भरून घेतली आणि रजेवर पडलो. बाबांच्या खोलीत ऊन चांगलं येतं म्हणून त्यांच्याच पलंगावर आडवा झालो, पोटावर लॅपटॉप, लॅपटॉपवर जिन्याखालचा तक्ता. हिने फोन लावला. 'बसले बाबा' म्हणाली आणि गप्प झाली. तक्त्यात तिची ओळ उमटली, आणि शेजारी उरलेला वेळ सावकाश उतरू लागला. वाचनालयात आजोबा खोकले की आकडा टुणकन वर चढायचा, मग पुन्हा पायरी पायरी खाली. मला ते बघता बघता गुंगी आली. एखाद्या झोपलेल्या माणसाचा श्वास वर-खाली होताना बघावा तसं वाटत होतं. मग आजोबा बहुधा पेपर ठेवून घरी गेले. आकडा उतरत गेला, दहा झाला, पाच झाला, आणि ओळ तक्त्यातून निघून गेली, जणू कधी नव्हतीच. बाबांनी भिंगातून मान वर केली. कम्प्युटरकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "गेली."

मला उद्देशून नाही, कुणालाच नाही. तक्रार म्हणूनही नाही. मग पुन्हा घड्याळात डोकं घातलं. आत्या, हे 'गेली' ते किती दुपारी एकट्याने म्हणाले असतील, याचा मी पडल्या पडल्या हिशेब करू लागलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझा कळसा नुसता काखेत नव्हता, मी तो स्वतः तिथे दाबून धरला होता.

कंबरदुखीच्या गोळीने मला तिथेच झोप लागली आणि स्वप्न पडलं. एक लांबलचक ओसरी होती, तिच्यावर पुष्कळ माणसं नुसती बसली होती. मी हातात घड्याळ घेऊन एकेकाला विचारत होतो, आपलं काही काम आहे का, नसेल तर उठा. एक म्हातारी उठली, एक पोस्टमन उठला, साहेब उठले (कुंडी घेऊन). अगदी टोकाला दोन लहान मुलं पाय हलवत बसली होती. त्यांना विचारलं तर मुलगा म्हणाला, आम्ही बसलोय. मी म्हणालो, ते दिसतंय, पण काम काय? मुलगी म्हणाली, बसलोय हेच. आणि मग ऊन इतकं मऊ झालं की मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि घड्याळाचं काय केलं ते आठवत नाही. जाग आली तेव्हा बाबा माझ्या अंगावर चादर घालत होते.

उठल्या उठल्या मी जिन्याखालचा आकडा पुन्हा पाच दिवसांचा केला. ते लिहिताना मला त्या मूळच्या लोकांबद्दल फार माया वाटली. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी दुपारी गप्प बसणारी दोन माणसं असणार, नाहीतर इतका शहाणा आकडा सुचायचा नाही. दुसऱ्या दिवशी हिने फोन लावून दोन तास मौन पाळलं, आजोबांशिवाय, आणि लाइन जागची हलली नाही. मी विजयाने बाबांकडे पाहिलं. त्यांनी फोन संपल्यावर भिंग काढून पुसलं. "सूनबाई चांगली बसते," ते म्हणाले, "पण तिचं बसणं वाचनालयातलं आहे. चिमी बसली की घरात बसल्यासारखी बसते."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, कर्नल, तक्ता, एक मिनिट, घोरणं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की पाच दिवस होते तर मग तू कमी कशाला केलेस? याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

घरातल्या सगळ्यांचा तुला नमस्कार. डोळ्यांना जप.

तुझा आज्ञाधारक (उशिराने झालेला) भाचा

ता. क. ऑफिसातला आकडा मी एक मिनिटच ठेवला आहे. बसच्या थांब्यावर कुणी कुणासोबत बसायला येत नाही, असं सध्या तरी मी धरून चाललो आहे.

ता. क. दुसरा. वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल; पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. बाबा अजून रोज जेवण झालं की कम्प्युटर उघडून बसतात. स्वतः फोन लावत नाहीत. मोठेपणा नडतो असं समजू नकोस, तू उचलला नाहीस तर काय करायचं याची त्यांना भीती वाटते. तेव्हा तू लाव. लेकाचा विषय काढू नकोस, माफी मागायला लावू नकोस, माझ्या चुकीचा खुलासाही करत बसू नकोस. 'बसले रे' एवढं म्हण आणि पुढे काही बोलू नकोस. लाइनीची काळजी माझ्याकडे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी बाबांनी पत्र वाचायला मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे, मी त्यात ढवळाढवळ केलेली नाही.

चिमे,
पोराचं पत्र वाचलं. यंत्राचं त्याने लिहिलं आहे ते बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही. तुझ्या लेकाबद्दल बोललो ते मनात नव्हतं. विषय सगळे संपले होते आणि आता तू ठेवणार असं वाटलं, तेव्हा जे तोंडाशी आलं ते बोलून गेलो. चुकलो.
घोरण्याचं मात्र त्याने चूक लिहिलं आहे. मी एकाही दुपारी झोपलो नव्हतो. घोरलं की तू ठेवत नाहीस, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं.
दादा